वाढप्याची नजर

धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी एक वेगळीच शांतता उतरते. सिंहगड रस्त्यावरचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येता येता विरघळतो आणि त्याची नुसती गुणगुण उरते. पडद्यातून आलेला पिवळा उजेड फरशीवर आडवा पडतो, स्वयंपाकघरात कुकर निवत असतो. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता या उजेडात रोज एक चित्र दिसायचं. डायनिंग टेबलाशी माझे वडील, त्यांच्यासमोर वाढलेलं ताट, आणि त्या ताटाला हातही न लावता बसलेले ते.

वडील वऱ्हाडातल्या एका लहानशा गावात शाळामास्तर होते. आई गेल्यावर ते विसरायला लागले. आधी वस्तू विसरले, मग रस्ते, मग माणसं. मी त्यांना पुण्याला आणलं तोवर त्यांना माझं नातं आठवेनासं झालं होतं. कधी मी त्यांचा धाकटा भाऊ असायचो, कधी शाळेचा शिपाई, बऱ्याचदा कोणीच नाही. याचं वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याचीही सवय होते. जेवण सुटलं तेव्हा मात्र घर घाबरलं.

सगळे उपाय झाले. बायकोने मऊ भात केला, मग पातळ खिचडी केली, मग तांदळाची पेज. मुलीने तिच्या मोबाइलवरून कुठून कुठून काय काय मागवलं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी चमच्याने भरवायला गेलो, तर वडील तोंड फिरवायचे. रागाने नव्हे. एखाद्या सभ्य माणसाने पाहुणचार नाकारावा तसं, जरा संकोचून. फारच आग्रह झाला की म्हणायचे, "थांब ना बापा. अजून लोकं याचे हायेत."

"कोण यायचंय आजोबा?" मुलगी विचारायची. ते दाराकडे बघायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो.

डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात भूकच कळेनाशी होते. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालण्याचा विचार करावा लागेल, आणि ते घरी जमणं कठीण आहे. म्हणून मी खडकवासल्याच्या पलीकडे असलेली एक जागा बघून आलो. अशा म्हाताऱ्या माणसांना तिथे ठेवून घेतात, परिचारिका असतात, व्हरांड्यातून धरणाचं पाणी दिसतं. त्या व्हरांड्यात उभा असताना मला हलकं वाटलं. वडिलांची चांगली सोय होईल म्हणून नव्हे. दुपारी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून बसलेलं असताना समोर ते न जेवलेलं ताट दिसणार नाही, म्हणून. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सोमवारी त्यांना तिथे न्यायचं ठरलं.

रविवारी दुपारी बायको त्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याची खूण शिवत बसली होती. तिथल्या धुलाईत कपडे बदलतात म्हणे. मुलगी तिच्या खोलीत कानाला हेडफोन लावून होती. मावशी ओट्यापाशी भांडी विसळत होत्या. वडिलांसमोर ताट ठेवलेलं होतं, आणि सुट्टी असल्यामुळे माझ्यासमोर लॅपटॉप नव्हता. करण्यासारखं काहीच नसल्यामुळे मी त्यांच्याकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच.

ते आधी डावीकडे बघत होते. टेबलाच्या कडेकडेने नजर सावकाश शेवटपर्यंत जायची, तिथे जरा थबकायची आणि परत यायची. मग तशीच उजवीकडे. मग स्वतःच्या ताटाकडे. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, चेहऱ्यावर जराशी ओशाळी अशी शिस्त. काही वेळाने पुन्हा डावीकडे.

मला त्या दुपारच्या गुंगीत एकाएकी वाटलं, की ही मान मला माहीत आहे. अशा माना मी शेकड्यांनी बघितल्या आहेत. हा माणूस नको म्हणत नाहीये. हा थांबला आहे.

कॉलेजात असताना मी सदाशिव पेठेत एका खोलीत कॉट घेऊन राहायचो. खोलीतले सगळे आमच्याच भागातले. लग्नसराई आली की आमच्यातले काही जण जवळच्या एका मंगल कार्यालयात वाढपी म्हणून जायचे. मला पहिल्यांदा नेणाऱ्या मित्राने सांगितलं होतं की यात शिकण्यासारखं काही नाही, दोन हात आणि दोन पाय असले की झालं. दुपारचं जेवण मिळायचं आणि वर थोडे पैसे. मी गेलो तो जेवणासाठीच.

त्या कामाची आठवण आता मला एखाद्या स्वप्नासारखी येते, सुरुवात आणि शेवट नसलेली. ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी पाय. मुदपाकखान्यातून निघणारी आंबेमोहराची वाफ. टेपवरची सनई, जी कॅसेट जुनी झाल्यामुळे मधेच लांबायची आणि पुन्हा सावरायची. रेशमी साड्यांची सळसळ, अक्षता, उदबत्त्या, आणि या सगळ्यातून वरणाचं जड भांडं घेऊन वाकत वाकत पुढे सरकणारा मी. वाकायचं, वाढायचं, एक पाऊल. वाकायचं, वाढायचं, एक पाऊल. रांग संपेपर्यंत मी कोण, कुठला, परीक्षा कधी, सगळं पुसलं जायचं. पंगतीच्या टोकाला उभं राहिलं की समोर ती लांबच लांब रांग उन्हातल्या कालव्यासारखी दिसायची, आणि त्या कालव्याला कुठे ओढ आहे, कुठे पाणी साचलं आहे, ते हळूहळू कळायला लागलं.

आमचे मुख्य वाढपी म्हणजे पांढरा सदरा घातलेले, खांद्यावर पंचा टाकलेले एक किरकोळ गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणायचे. ते शिकवायचे नाहीत, टोमणे मारायचे. पहिल्याच दिवशी माझ्या हातून मीठ सांडलं, तर म्हणाले, "अहो इंजिनिअर, मीठ पानात वाढतात. पाहुण्यांच्या मांडीवर नव्हे." तेव्हापासून मी तिथे इंजिनिअरच राहिलो.

एकदा मी मोठी चूक केली. सगळ्या पानांवर भाताच्या मुदी वाढून झाल्या होत्या, वरण झालं होतं. माझ्या हातात तुपाचं भांडं होतं. मी आपला रांगेच्या या टोकापासून तूप वाढत सुटलो. मला ठाऊक नव्हतं की मुलाकडची वडीलधारी मंडळी अजून हात धुतायत आणि पलीकडच्या टोकाच्या जागा अजून रिकाम्या आहेत. आमच्या गावच्या जेवणावळीत यजमान मोठ्याने सांगतो आणि मग हात चालतात, इथे तूप पडलं की जेवण सुरू, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तूप पडलेल्यांनी सुरुवात केली. मुलाचे चुलते पंच्याला हात पुसत आले तेव्हा अर्धी पंगत निम्मी जेवून झालेली होती.

काकांनी मला बाजूला घेतलं. "सिग्नल हिरवा कुणी केला?" एवढंच विचारलं. मग माझ्या दंडाला धरून मुलाच्या चुलत्यांपुढे उभं केलं. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं की असू दे, उष्ट्या पंगतीत बसण्याचा योग सगळ्यांना येत नाही. संध्याकाळपर्यंत माझे कान लाल होते.

त्यानंतर मी वाढण्याआधी पंगत बघायला लागलो. रोज बघून बघून काही गोष्टी आपोआप कळू लागल्या. ज्याला आणखी हवं असतं आणि मागायची लाज वाटते, तो पोळीचे तुकडे फार बारीक करतो. पानावर आडवा हात धरणाऱ्या दहा जणांतले कित्येक तो हात बोटं फाकवून धरतात, म्हणजे वाढलंत तरी चालेल. आणि जो सुरुवात व्हायची वाट बघत असतो तो ताटाकडे बघत नाही. तो रांगेच्या टोकांकडे बघतो. मान डावीकडे, मग उजवीकडे. भुकेलेला असला तरी त्याचे हात मांडीवरच असतात, कारण शेजारच्याचं पान रिकामं असताना आपण घास घ्यायचा नाही, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं.

पुढे डिग्री मिळाली, नोकरी लागली, बढत्या मिळाल्या. बायोडेटात मी सगळं लिहिलं, हे सोडून. आता मीच मुलाखती घेतो. मध्यंतरी एक मुलगा आला होता. बायोडेटात कोऱ्या ठेवलेल्या, कॉलेज संपल्यानंतरच्या काळाबद्दल विचारलं तर खाली बघून म्हणाला की घरोघरी पार्सलं पोचवायचो सर, तसं काही विशेष नाही. मी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याला किती दारं वाचता येत असतील, कोणत्या घरात कुणी एकटं राहतं, कुठे घंटा दोनदा वाजवायची नसते, हे मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही. त्याने जे लपवलं ते लपवण्यासारखंच आहे, असं मी त्या एका मान हलवण्यातून त्याला सांगून टाकलं. कॉलेजात शिकलेली समीकरणं मी केव्हाच विसरलो होतो. पण माना वाचण्याची ती नजर कुठे गेली नव्हती, आणि मी ती माझ्या बापावर एकदाही वापरली नव्हती.

वडिलांनी पुन्हा डावीकडे बघितलं. तिकडे रिकामी खुर्ची होती. उजवीकडे बघितलं. तिकडेही रिकामी खुर्ची. तेव्हा मला आमचं घर त्यांच्या जागी बसून दिसलं. बायको शनिवारपर्यंत बँकेत डबा खाते आणि रविवारी ओट्याशी उभ्याने जेवते. मुलगी ताट खोलीत नेते. मी स्क्रीनकडे बघत काहीतरी पोटात ढकलतो. ज्या माणसाने आयुष्यभर गावच्या पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात मांडीवर ठेवला, त्याच्यासमोर आम्ही रोज एकट्याचं ताट ठेवत होतो आणि त्याला भूक नाही असं डॉक्टरांना सांगत होतो.

मी उठलो आणि टेबल खिडकीच्या भिंतीकडे सरकवायला लागलो.

बायकोने दोरा दाताने तोडत विचारलं, "हे काय चाललंय?"

"पंगत."

"घरात चार डोकी आणि पंगत. सनई लावू का?"

पण ती उठली. टेबलाची दुसरी बाजू तिनेच धरली. आवाज ऐकून मुलगी बाहेर आली, एक हेडफोन कानावरून खाली ओढत. "बाबा, आर यू ओके?" मी तिला बसायला सांगितलं. सगळ्या खुर्च्या एका बाजूला, एका ओळीत, तोंडं खिडकीकडे. मधे वडील, त्यांच्या डावीकडे मुलगी, उजवीकडे बायको. सगळ्यांना सारखी ताटं मांडली. वडिलांनी डावीकडे बघितलं, नात दिसली. उजवीकडे बघितलं, सून दिसली, आणि तिच्या पलीकडची रिकामी खुर्ची.

"अजून लोकं याचे हायेत," ते म्हणाले.

मी ओट्याकडे वळलो. "मावशी, तुम्ही बसा."

मावशींनी हात पदराला पुसले आणि सांगितलं की त्यांचं घरून झालंय. मी पुन्हा म्हटलं. त्या माझ्याकडे न बघता बायकोकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या आमच्या पोळ्या करतात आणि आमच्या टेबलाशी त्या कधी बसलेल्या नाहीत, हे त्या क्षणी आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. बायकोने शेजारची खुर्ची मागे ओढली. "बसा हो मावशी. नाहीतर हा आज मलाही उपाशी ठेवणार."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. रांग भरली.

मी वाढायला घेतलं. पहिल्यांदा मीठ, टोकापासून टोकापर्यंत. मग लिंबाची फोड. मग चटणी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी, पोळी. एकाच्या ताटात सगळं वाढून पुढच्याकडे जायचं नाही, एकेक पदार्थ घेऊन पूर्ण रांग फिरायची. माझी कंबर आता तशी वाकत नाही, पण पाय आपोआप पडत होते. वाटीने भाताच्या मुदी पाडल्या. वरण वाढलं. वडील सगळं बघत होते. त्यांची नजर माझ्या हाताबरोबर रांगेच्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची, आणि ते परत येणं आता रोजच्यासारखं नव्हतं.

मग मी तुपाचं भांडं घेतलं. कोलेस्टेरॉलमुळे त्यांचं तूप आम्ही बंद केलं होतं. मी प्रत्येकाच्या मुदीवर तूप घातलं. मुलीच्या, वडिलांच्या, बायकोच्या, मावशींच्या.

वडील हलले नाहीत. हात मांडीवरच.

म्हणजे मीच काहीतरी स्वप्न रचलं होतं. डॉक्टरांचंच खरं होतं, उद्या जायचंच होतं. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. दुपार तशीच पिवळी, तशीच स्तब्ध होती. बाहेर कुठेतरी एका बाल्कनीत कबुतर घुमत होतं.

आणि मग ध्यानात आलं की मी त्यांना पुण्याच्या पंगतीत बसवलं आहे. ते पुण्याच्या पंगतीत कधी बसलेच नव्हते. त्यांच्याकडे तूप पडून काही होत नाही, तिथे कुणीतरी सांगावं लागतं. मी भांडं खाली ठेवलं, रांगेच्या टोकाला उभा राहिलो, हात जोडले आणि गावातला यजमान म्हणतो तसं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "होऊ द्या मंडळी. सावकाश होऊ द्या."

वडिलांनी ताटाच्या कडेला बोटं लावून ती कपाळाला टेकवली. मग भातात वरण कालवलं आणि घास घेतला.

बायको ताटात खाली बघून जेवत होती आणि बराच वेळ तिने मान वर केली नाही. मावशी हळूच म्हणाल्या, "बेतानं, आजोबा." मी मागे उभा राहून वडिलांचे हात बघत होतो. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, मग त्या तुकड्याचा तुकडा, मग त्याचाही. मी भाजी घेऊन गेलो. त्यांनी ताटावर आडवा हात धरला. बोटं फाकलेली होती. मी वाढली. त्यांनी खाल्ली.

हा काही चमत्कार नव्हता. त्यानंतरही असे दिवस आले की रांग भरली, मी सगळं म्हटलं, आणि त्यांनी ताटाला हात लावला नाही. काही दिवस दोनच घास झाले. त्यांचं विसरणं थांबलेलं नाही आणि थांबणार नाही. पण त्या दुपारी ते जेवले, त्यांच्या बाजूचे सगळे जेवले, आणि जेवण झाल्यावर कुणालाच उठावंसं वाटेना.

मी ताटं उचलायला वाकलो तेव्हा वडिलांनी माझ्याकडे बघितलं. नीट, निरखून. त्यांना मुलगा दिसत नव्हता, हे मला लगेच कळलं. त्यांना एक वाढपी दिसत होता, मध्यमवयीन, घामाघूम, कुठल्याशा लग्नात सकाळपासून उभा असलेला.

"तुमचं जेवाचं राह्यलं ना?" ते म्हणाले.

मी म्हटलं, होईल सावकाश.

"होईल काय? बसा ना मंग. मी वाढतो."

ते टेबलाचा आधार घेत उठले. बायको त्यांना धरायला पुढे झाली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला. मी त्यांच्याच खुर्चीत बसलो. त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि वाढायला घेतलं, मीठ आधी, फार जास्त. मग भाजी. मग भात, वाटीने नाही, हाताने. वरण वाढताना निम्मं टेबलावर सांडलं. सांडलेल्याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं, आणि मीही. ते माझ्या पाठीमागे उभे राहिले, मघाशी मी त्यांच्या मागे उभा होतो तिथेच.

बायकोने हळू आवाजात विचारलं, "उद्या किती वाजता निघायचंय?" वेळ तिला माहीत होती.

"कुठेच नाही जायचं," मी म्हणालो. "सकाळी फोन करून सांगतो त्यांना." आणखीही काही बोलणार होतो. त्या व्हरांड्यात मला हलकं वाटलं होतं ते तिला आत्ता, सगळ्यांसमोर सांगून टाकावं असं वाटत होतं.

पण मागून खांद्यावर हात आला, आणि एक जुना, खणखणीत, शाळेच्या वर्गातला आवाज आला.

"जेवताना बोलू नये."

मुलीला हसू आलं, मावशींनाही. मी मान खाली घातली आणि खारट भात जेवायला लागलो.